कॉलरवरून ऐकलेले तास

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. सभेत खांबासारखा उभा राहून मध्येच शिट्टी मारणारा माइक तुम्ही पाहिला असेल, तो माझा थोरला भाऊबंद. मी शर्टाच्या कॉलरला चिमट्याने लावतात तो, वाटाण्याएवढा. माझ्या डोक्यावर फोमची काळी टोपी आहे आणि मागे दोन माणसांच्या उंचीएवढी लांब वायर. टोपी एका बाजूने झिजली आहे आणि वायरीला एका ठिकाणी पट्टी गुंडाळलेली आहे, पण कान अजून शाबूत आहेत. मला डोळे मात्र नाहीत. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, मागाहून कोणी मला खोटं पाडायला नको.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसत. प्रत्येक माइक तोंडापाशी धरून त्या "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणायच्या आणि कानातल्या यंत्रात स्वतःचाच आवाज ऐकायच्या. दिवसभरात असं किती वेळा म्हणत असतील, देव जाणे. माझी पाळी आली तेव्हा त्यांना नेमकी शिंक आली. शेजारणीला त्या हसत म्हणाल्या, "हा चांगला आहे गं, शिंकसुद्धा कशी स्वच्छ आली बघ!" आणि मला डबीत घातलं. आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

डबी उघडली ती एका कॉलेजात. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली होती. पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवत. नोकरी सांभाळून घरूनच पदवी घेणाऱ्यांसाठी कॉलेजाने ऑनलाइन वर्ग सुरू केले, तेव्हा बाकं बाहेर गेली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि खोलीला रेकॉर्डिंग रूम असं भारदस्त नाव मिळालं. गाद्या कितीही ठोकल्या तरी जिन्यावरून कोणी धावत गेलं की तास थांबवावा लागायचा तो लागायचाच. ही खोली सांभाळायला एक मुलगी होती. तिने याच कॉलेजात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. सगळे तिला स्टुडिओताई म्हणत. संख्याशास्त्राचे सर मात्र तिला 'अगं-तुगं' करत, कारण ती त्यांची विद्यार्थिनी. मी या सरांच्या वाट्याला आलो.

सर वर्गात साठ मुलांपुढे बिनधास्त बोलत असत म्हणे. कॅमेऱ्यासमोर मात्र त्यांची बोबडी वळायची. मी असतो कॉलरवर, म्हणजे काळजापासून फार तर वीतभर लांब. पहिल्या दिवशी ते काळीज असं धाडधाड उडत होतं की मलाच धडकी भरली. त्यात सरांनी मला कॉलरला न लावता 'पडेल बिचारा' म्हणून वरच्या खिशात टाकलं होतं. खिशात किल्ल्या होत्या. त्या पहिल्या तासात संख्याशास्त्र थोडं आणि खुळखुळाट फार आला. स्टुडिओताई म्हणाली, "सर, विद्यार्थ्यांना वाटेल तुम्ही घर बंद करून निघालात." सर हसले आणि तिथून त्यांची भीती कमी झाली.

पुढे एक काळ असा आला की कॉलेजं बंद झाली आणि सगळं जग घरात बसलं. सरांनी मला रुमालात गुंडाळून घरी नेलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेला मी, आणि पलीकडे ओट्याशी सरांच्या पत्नी. फळा नव्हता. मग सर सगळं तोंडाने सांगू लागले. "वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे मुलांची उंची लिहा, उजवीकडे वजन." ऐकता ऐकता कोणालाही वहीत तसंच उतरवता यावं, इतकं ते नीट असायचं.

एकदा तास संपल्यावर मला काढायचं राहून गेलं. "गॅस तुम्ही चालू ठेवलात की मी?" यावर घरात बरंच बोलणं झालं आणि ते शंभर विद्यार्थ्यांनी ऐकलं. शेवटी एका मुलाने धीर करून सांगितलं, "सर, माइक चालू आहे." त्यावर सरांच्या पत्नी म्हणाल्या, "मग विचारा ना त्यांनाच, कोणाचं बरोबर ते!" दुसऱ्या दिवसापासून तासाला विद्यार्थी वाढले. मित्रांनो, ती माझी सोन्यासारखी वर्षं होती. विद्यार्थी म्हणायचे, "सर, तुम्ही शेजारी बसून शिकवता असं वाटतं." ते शेजारचं अंतर मीच तर कापत होतो. मनातल्या मनात मी फुगून जायचो.

मग कॉलेज उघडलं आणि रेकॉर्डिंग रूममध्ये हात लावला की उजळणारा नवा फळा आला. भिंतभर मोठा आहे म्हणत होते सगळे. आकडा बोटाने धरून इकडून तिकडे नेता येतो, चुटकीसरशी आलेख निघतो, रंग बदलतात. त्याच्या कपाळावर त्याचा स्वतःचा माइक होता. साहजिकच मला खणात टाकलं. वाळलेली मार्कर पेनं आणि बिनसेलचा रिमोट, ही माझी संगत. तिथे मी दोन वर्षं काढली. खोटं कशाला बोलू, त्या फळ्याचा मला भयंकर राग यायचा. खणाच्या फटीतून सरांचा आवाज ऐकू यायचा. नवं खेळणं हाती लागलेल्या मुलासारखे ते खूश होते. "हे बघा, हे इथून उचललं, इकडे ठेवलं, आणि हे असं ओढलं की आलं उत्तर!" मला एक अक्षर कळायचं नाही. वाटायचं, मी खणात आहे म्हणून कळत नसेल.

एके दिवशी दुपारी फळ्याचा माइक अचानक किंचाळायला लागला. विद्यार्थ्यांचा शंकांचा तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती. स्टुडिओताईने घाईघाईने खण उघडला, माझ्या टोपीवर फुंकर मारली आणि मला सरांच्या कॉलरवर बसवलं. दोन वर्षांनी ते काळीज पुन्हा ऐकलं. मला फार बरं वाटलं.

तीन-चार जणांच्या शंका झाल्या. मग एका बाईंचा आवाज आला. मागे शिलाई मशीनची घरघर चालली होती.

"सर, मी कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला आहे. माझा एक प्रश्न आहे. तुम्ही 'हे' म्हणता ना, ते 'हे' म्हणजे काय असतं?"

"कुठलं हे?"

"सगळीच, सर. 'हे यातून काढा, इथे मांडा, मग याचा वर्ग करा.' काय काढायचं आणि कुठे मांडायचं ते कळत नाही."

सर जरा तुटकपणे म्हणाले, "अहो बाई, मग फळ्याकडे बघा की! एवढा मोठा फळा आहे."

"बघता येत नाही, सर. तास मी कामावर ऐकते, एका कानात वायर घालून. डोळे सुईवर लागतात. मागच्या महिन्यात एकदा बघायला गेले, तर सुई नखातून आरपार गेली. आणि घरी गेलं की फोन मुलीच्या अभ्यासाला लागतो. एकच फोन आहे आमच्यात."

मग त्याच पुढे म्हणाल्या, "तुमचे घरून घेतलेले जुने तास ऐकून मी पहिल्या वर्षाच्या पेपरात सुटले होते, सर. पहिल्या फटक्यात. या शेवटच्या पेपरात दोनदा नापास झाले. आता तिसरी खेप. यात नाही झालं तर नोंदणी रद्द होते, पदवी गेलीच समजायची. बाकीचे सगळे विषय सुटलेत. म्हणून विचारलं. रागावू नका."

"रागावलो नाही," सर म्हणाले. पण त्यांचं काळीज पहिल्या दिवसासारखं उडायला लागलं होतं. परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

तास संपल्यावर सर खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. "अगं, माझा मागच्या आठवड्यातला तास लाव. नुसता आवाज." स्टुडिओताईने लावला. "हे यातून काढा. हं. इथे मांडा. खाली बेरीज, आणि हे असं वर नेलं की झालं! सोपं आहे ना?" सरांनी तीन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हा माणूस कोण आहे? काय बडबडतोय?"

"तुम्हीच आहात, सर."

"तू आधी सांगायचंस ना मला."

"मी फळ्याकडे बघत होते, सर. मला कळत होतं."

मित्रांनो, बोट दाखवलं तर त्याचा आवाज होत नाही, ही गोष्ट माझ्यासारख्या आंधळ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. इतक्या शिकलेल्या माणसांना ती ठाऊक नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे फळा होता, त्यामुळे कसं कळणार? पण कळलं त्या क्षणी सरांनी जे केलं, त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. त्यांनी सगळे वीस तास नव्याने रेकॉर्ड करायचं ठरवलं. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस, ढकलून नेलं असतं तरी कोणी विचारलं नसतं.

त्यांनी काम करायची एक पद्धत काढली. सर फळ्यापाशी उभे राहणार. स्टुडिओताई फळ्याकडे पाठ करून वही-पेन्सिल घेऊन बसणार. ऐकेल तेवढंच लिहिणार. तास संपला की वही आणि फळा ताडून बघायचे. एक आकडा जरी चुकीच्या जागी पडला, तरी तो भाग पुन्हा बोलायचा. आणि सरांच्या तोंडून नुसतं 'हे' निघालं की तिने पेन्सिलीने टेबलावर टक करायचं.

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांत एकतीस वेळा टक झालं. सर वैतागले. "अगं, मी बोलू तरी का नको?"

"बोला ना सर. फक्त कशाबद्दल ते सांगा."

"शिकवलेलं विसरली नाहीस तू. माझ्यावरच उलटवतेस!"

पण हळूहळू जीभ वळली. "तीन रकाने करा. पहिल्यात दिलेली संख्या. दुसऱ्यात त्या संख्येतून सरासरी वजा केल्यावर उरलेला फरक. तिसऱ्यात त्या फरकाचा वर्ग. आता फक्त तिसऱ्या रकान्याची बेरीज करा." ऐकताना माझ्याच मनात तीन रकाने उभे राहिले. त्या फळ्याबद्दलचा माझा रागही तेव्हा मावळला. तो बापडा काय करणार? त्याला जे दाखवायला सांगितलं ते त्याने दाखवलं.

तयार झालेला तास त्याच संध्याकाळी शिवणवाल्या बाईंच्या फोनवर जायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर ऐकता येई. सातव्या तासानंतर त्यांचा निरोप आला, मागे नेहमीची घरघर. "सर, सातवा तास कळला. पण तिसऱ्या उदाहरणात तुम्ही बेरीज बारा म्हणालात. ती तेरा येते. मी दोनदा केली, मनातल्या मनात."

सरांनी कागद ओढला, मोडून बघितलं. "तेराच येते," ते म्हणाले. मग खुशीत टेबलावर थाप मारून म्हणाले, "माझी चूक पकडली गं बाईंनी! मशीन चालवता चालवता!" स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा ऐकला नाही.

सोळा तास झाले आणि मीच आजारी पडलो. वायर आतून तुटली होती. सर बोलू लागले की मधूनच खरखर, मग काहीच नाही. परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. दुसरा माइक मागवला तर यायला आठवडा गेला असता. स्टुडिओताईने माझी वायर कापली, आतल्या केसासारख्या तारा सोडवल्या, तापवलेल्या सळईने जोडल्या आणि वर पट्टी गुंडाळली. तेवढा वेळ मी बहिरा होतो. मित्रांनो, मला स्वतःची काळजी नव्हती असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण त्या दिवशी मला जास्त काळजी होती ती उरलेल्या चार तासांची. जोडणी झाल्यावर पहिला आवाज आला तो ताईचा. "येतंय का रे ऐकू?" असं तिने मला विचारलं, जसा काही मी उत्तर देणार होतो. माझा जीव भांड्यात पडला.

वीसही तास परीक्षेच्या तीन दिवस आधी पोचले.

निकाल लागला त्या दिवशी फोनवर आधी नुसती घरघर ऐकू आली. मग मशीन थांबलं. "अठ्ठावन्न, सर," त्या म्हणाल्या. सरांनी तोच आकडा ताईला मोठ्याने सांगितला. अठ्ठावन्न म्हणजे काही पहिला नंबर नव्हे. पण त्या आकड्याचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या स्वतःच्या कुठल्याच कौतुकाचा वाटला नव्हता.

सरांच्या निवृत्तीच्या आठवड्यात त्या गुणपत्रिका न्यायला कॉलेजात आल्या आणि जिन्याखालच्या खोलीचं दार वाजलं. मी सरांच्या कॉलरवरच होतो. "नमस्कार सर. मी ती मशीनवाली." खुर्ची करकरली, सर उठून उभे राहिले. ज्या कॉलेजाची पदवी मिळाली, ते कॉलेज त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"या, या. आता तरी बघा तो फळा," सर म्हणाले. "तुमच्या पेपरातला तो घंटेसारखा वक्र दाखवतो, शेवटच्या तासातला."

"थांबा, सर. आधी मी काढते, मग तुम्ही दाखवा. मी तो कधी बघितलाच नाहीये. बरोबर आहे का बघू."

बाजूच्या भिंतीवर जुना पांढरा फळा अजून होता. ताईने त्यांच्या हातात मार्कर दिला. मार्करचा चीं असा बारीक आवाज सुरू झाला आणि त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणत गेल्या, "डावीकडून जमिनीलगत यायचं. अगदी लगत, पण टेकायचं नाही. मग सावकाश चढायचं. मधे चढ जोराचा. वर टोक काढायचं नाही, गोल वळायचं. आणि जसे चढलो तसेच उतरायचं, तेवढ्याच अंतरात." मार्कर आधी हळू, मग भरभर, माथ्यावर पुन्हा हळू, आणि मग तसाच उलटा. मला तो सगळा वक्र ऐकू आला.

फळ्याचं बटण टिक झालं. ताईने खरं चित्र लावलं असावं.

"डिट्टो आहे, सर," ताई म्हणाली.

सर म्हणाले, "छत्तीस वर्षं मी हा वक्र काढून दाखवला. न बघता काढणारं आज पहिल्यांदा भेटलं." त्यांचा आवाज ओला झाला होता. मी अगदी जवळ होतो, म्हणून मला कळलं.

बाई म्हणाल्या, "सर, आमच्याकडच्या अजून चौघींनी नाव घातलंय. माझं बघून. त्यांचेही डोळे सुईवरच असतात. पण तुम्ही तर आता जाताय म्हणे. मग त्यांचं कसं?"

सरांनी मला कॉलरवरून काढलं. वायर हाताभोवती करकचून न आवळता, मोठे मोठे वेढे घेत गुंडाळली आणि मला ताईच्या हातात ठेवलं. "आता हिला शिकवायला नेमलंय माझ्या जागी. विषय तिला येतो. फक्त फळ्याकडे पाठ करून बसायला कोणी नाही."

"रविवारी सकाळी मला सुट्टी असते," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून मित्रांनो, मी स्टुडिओताईच्या ओढणीला असतो आणि दर रविवारी मशीनवाल्या बाई फळ्याकडे पाठ करून बसतात. त्यांच्याइतकं काटेकोर ऐकणारं मी कोणी पाहिलं नाही, म्हणजे ऐकलं नाही. "ताई, 'ती बाजू' म्हणजे कुठली? आमच्या चौघींना कसं कळणार?" ताई निमूटपणे तेवढा भाग पुन्हा बोलते. मला तिच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. घाबरलेले असतात, पण खुशीतही असतात.

मी साधी वस्तू आहे. कोणी बनवलं, कोणी खिशात टाकलं, कोणी खणात, आणि कोणी तुटलेलं जोडून पुन्हा कामाला लावलं. त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. तुमच्यापैकी कोणी पुढे शिकवायला उभं राहील, कोणी अशा खोल्या सांभाळेल. नवे फळे जरूर आणा, पण जो तुम्हाला दिसत नाही आणि ज्याला तुम्ही दिसत नाही, त्याच्यासाठी एक वाक्य जास्त बोला. आणि माझ्यासारखं जुनं काही हाती लागलं, तर टाकून देण्याआधी एकदा फुंकर मारून बघा. आता मला डबीत ठेवा. उद्या रविवार आहे, आणि चौघींसाठी पुढचा तास बोलायचा आहे.